तलाव नसल्याचा दाखला

सोमवारी सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी अकरा नंबरची बस भूगोलाच्या बाईंच्या डोळ्यांदेखत चौकातून डावीकडे वळली आणि निघून गेली.

बाईंनी हात केला होता. बाईंचा हात म्हणजे साधासुधा हात नव्हे. चोवीस वर्षं फळ्यावर जगाचा नकाशा न बघता काढणारा हात तो. तो वर गेला की साठ पोरं चिडीचूप होतात. बसवर काडीचाही परिणाम झाला नाही. वास्तविक अकरा नंबरने चौकातून सरळ यायचं, कॉलनीच्या फाटकासमोर थांबायचं, बाईंना घ्यायचं आणि पुढे शाळेपाशी सोडायचं, हा सूर्योदयाइतका ठरलेला कार्यक्रम होता. शिवाय ही बस नेहमीची खडखडणारी नव्हतीच. जांभळी, चकचकीत, काचा बंद केलेली अशी कुठलीतरी भलतीच होती.

थांब्याच्या खांबावर एक कागद चिकटवला होता. 'या मार्गाचे संचालन आजपासून नव्या कंपनीकडे सोपवण्यात आले आहे. प्रवाशांच्या सोयीसाठी मार्ग सुटसुटीत करण्यात आला आहे.' बाईंनी तो दोनदा वाचला. मग पर्समधून लाल पेन काढलं, 'सोयीसाठी'खाली रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'कोणाच्या? कारणे द्या.' एवढ्याने राग गेला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती.

पुढचा थांबा वीस मिनिटांच्या अंतरावर. अर्ध्या वाटेत डाव्या चपलेचा अंगठा तुटला. पाय घासत बाई पोचल्या, तर बसमध्ये कंडक्टर नाही. दाराशी एक यंत्र. ते म्हणालं, 'कार्ड टेकवा.' बाईंकडे कार्ड कुठलं? ड्रायव्हर काचेच्या पेटीत बसलेला, त्याला हाक ऐकू जात नव्हती. मागून एका कॉलेजच्या मुलीने 'आजी, मी टेकवते' म्हणून स्वतःचं कार्ड दोनदा टेकवलं. चोवीस वर्षांत बाई कधी दुसऱ्याच्या तिकिटावर बसल्या नव्हत्या. आणि आजी? बाईंना तेविसाव्या सेकंदाला आठवलं की आपण अजून बावन्न वर्षांच्याच आहोत, पण तोवर ती मुलगी कानात काहीतरी घालून बसली होती.

शाळेच्या दारात मुख्याध्यापिका घड्याळाकडे बघत उभ्या होत्या. बोलल्या काहीच नाहीत. त्या बोलल्या असत्या तर परवडलं असतं. हजेरीच्या वहीत बाईंच्या नावापुढे पहिल्यांदा लाल खूण झाली. महिन्यात अशा तीन झाल्या की अर्धी रजा जाते, आणि पर्यवेक्षिकेच्या जागेसाठी ज्यांची नावं चालू होती त्यांत बाईंचं नाव पहिलं होतं. सहावीच्या वर्गात पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "बाई, आज पृथ्वी हळू फिरली का?" सगळा वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत.

संध्याकाळी घरी आल्यावर नवरा म्हणाला, "अगं, बसच आहे ना? रिक्षाने जात जा."

विम्याच्या कचेरीत काम करणारा हा माणूस घरापासून चार मिनिटं चालत कामावर जायचा. त्यामुळे जगातल्या वाहतुकीबद्दल त्याचं मन अतिशय शांत होतं. बाई त्याच्याशी रात्रीच्या जेवणापर्यंत बोलल्या नाहीत, आणि जेवताना बोलल्या तेव्हा त्याला आधीचं बरं होतं असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी जिन्यात सल्ले सुरू झाले. कॉलनीत अकरा नंबरने जाणारी निदान तीस माणसं होती, पण सल्ले दिले ते बसमध्ये कधीही न बसणाऱ्यांनी. तळमजल्यावरचे निवृत्त इंजिनीअर म्हणाले, "वहिनी, हे काम खालून होणार नाही. वरून दाब आणा." वरून म्हणजे कुठून, असं विचारल्यावर त्यांनी छताकडे बोट दाखवलं. सोसायटीचे सेक्रेटरी स्कूटरवर बसूनच म्हणाले, "खालूनच सुरू करा. वर गेलात तर खालचे दुखावतात." तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं म्हणणं असं की हे सगळं होणारच होतं, त्यांना उजव्या डोळ्याने आठवडाभर लवून सुचवलं होतं. शेवटी सर्वानुमते असं ठरलं की बाई शिकलेल्या आहेत, बाईंना बोलता येतं, तेव्हा बाईंनीच काय ते करावं, बाकीच्यांचा पाठिंबा आहेच. पाठिंबा म्हणजे पाठीमागे उभं राहणं, हे बाईंना नंतर कळलं. फार पाठीमागे.

बाईंनी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. बासरी वाजली. पुन्हा वाजली. मग आवाज आला, "नमस्कार. सुखद प्रवासात आपलं स्वागत आहे. मी आपली काय मदत करू शकतो?"

बाई सावध झाल्या. हा आवाज त्यांनी पंधरा वर्षं रोज सकाळी ऐकला होता. 'चला, पुढे सरका, मागचीही माणसंच आहेत' म्हणणारा. अकरा नंबरच्या कंडक्टरचा.

"मास्तर?" बाई म्हणाल्या. कंडक्टरला सगळेच मास्तर म्हणायचे. शाळेतल्या बाई आणि बसमधले मास्तर यांचं त्यावरून एक जुनं हसणं होतं. सहामाहीचे पेपर बाई बसमध्येच तपासायच्या, आणि खड्डा यायच्या आधी मास्तर पुढून ओरडायचे, 'बाई, पेन उचला!'

पलीकडे एक बटण दाबलं गेलं. मग, "मॅडम, आपला प्रवासी क्रमांक सांगा."

"मास्तर, मी बाई बोलतेय. दुसरी रांग, खिडकी."

"मॅडम," आवाज खाली आला, "कॉल रेकॉर्ड होतो. क्रमांक सांगा. कुठलाही सांगा."

"एक दोन तीन चार."

"धन्यवाद मॅडम. आपली अडचण?"

"बस चौकातून का वळते?"

"त्याची तीन कारणं आहेत मॅडम. रस्त्याचं काम, गर्दीची वेळ किंवा खराब हवामान. आपल्याला कुठलं देऊ?"

"खरं द्या."

"ते यादीत नाही." मग मास्तरांनी मॅडम सोडून दिलं. "थांबा बाई. फोन ठेवू नका. मलाही हे यंत्र अजून नीट येत नाही, पण बघतो."

बटणं दाबल्याचे आवाज येत राहिले. मास्तर मधेच पुटपुटत होते, चुकीचं पान उघडत होते, परत येत होते. बाईंनी तेवढ्यात अर्धी भाजी निवडली. एकोणीस मिनिटं झाली.

"बाई," मास्तर हळूच म्हणाले, "कसं सांगू? तुम्ही तळ्यात आहात."

"काय?"

"संगणकाने मार्ग नकाशावरून आखलाय. त्या नकाशात तुमच्या कॉलनीच्या जागी तळं आहे. निळं. चांगलं मोठं आहे. बस पाण्यात घालता येत नाही म्हणून ती चौकातून वळते. तुम्ही कंपनीच्या कचेरीत जा, चौथा मजला, आणि नकाशा दाखवा म्हणून हटूनच बसा. नाहीतर ते तुम्हाला हवामान सांगतील."

बाईंना आधी हसू आलं आणि मग जे आलं ते हसू नव्हतं. चाळीसएक वर्षांपूर्वी तिथे दगडाच्या खाणीचं डबकं होतं, हे त्यांना ठाऊक होतं. ते भरून, रीतसर परवानगी घेऊन कॉलनी झाली. चोवीस वर्षं पोरांना नकाशावाचन शिकवणारी बाई नकाशात बुडवली जाते म्हणजे काय!

चौथ्या मजल्यावरच्या कचेरीत सगळं काचेचं होतं. टोकन घेऊन बसायचं. बाईंचा नंबर आला तेव्हा जाकीट घातलेला, गळ्यात पट्टा अडकवलेला एक तिशीतला साहेब समोर होता. आधी त्याने हवामान सांगितलं. बाईंनी बाहेरच्या लखलखीत उन्हाकडे नुसतं बघितलं. त्याने पडदा बाईंकडे वळवला.

"आपण म्हणता ते बरोबर आहे मॅडम. सिस्टीममध्ये पाणी दिसतंय."

"मी तिथे राहते."

"ते आपलं म्हणणं झालं."

"माझं म्हणणं? माझ्या घरात गॅस आहे, पलंग आहे, नवरा आहे!"

"नक्कीच असतील मॅडम. पण आम्हाला डेटा बदलायला कागद लागतो. आपण जलाशय विभागाकडून तलाव नसल्याचा दाखला आणा. दोन दिवसांत बस सुरू."

जलाशय विभाग जुन्या इमारतीत, जिन्याखाली होता. तिथला कारकून स्वभावाने चांगला होता आणि हेच अवघड होतं, कारण त्याच्यावर धड ओरडताही येईना. तो म्हणाला, "बाई, असलेल्या तलावाचा दाखला मिळतो. तलाव नसल्याचा नमुनाच छापलेला नाही. उद्या कुणी येईल आणि डोंगर नसल्याचा मागेल."

"मग मी काय करू?"

"असं करा. तलाव आहे म्हणून अर्ज करा. आम्ही पाहणी करतो. पाणी सापडलं नाही की तलाव आटल्याचा शेरा मारतो."

"मी खोटं लिहिणार नाही," बाई म्हणाल्या. आणि तिथेच उभ्या उभ्या त्यांनी स्वच्छ अक्षरात खरं तेच लिहून दिलं: आपण अमुक कॉलनीत राहतो, नकाशात त्या जागी तलाव दाखवला आहे, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी.

योग्य ती कार्यवाही दहा दिवसांनी झाली. या दहा दिवसांत बाई रोज पावणेसहाला उठून वीस मिनिटं चालत होत्या. तरीही वहीत दुसरी लाल खूण झाली होती, कारण जांभळी बस कधी पाच मिनिटं आधी यायची, तर कधी भरून न थांबताच जायची. आणि अकराव्या दिवशी कॉलनीच्या फाटकावर नोटीस लागली. 'सदर ठिकाणी जलाशय असल्याचे तेथील रहिवाशाच्या लेखी अर्जावरून निदर्शनास आले आहे. जलाशयात बांधकाम का करण्यात आले, याचा खुलासा पंधरा दिवसांत करावा. अन्यथा बांधकाम हटवण्यात येईल.'

त्या दिवसापासून सगळी कॉलनी बाईंना पाण्यात पाहू लागली.

जिन्यातच सभा भरली. सेक्रेटरी यावेळी स्कूटरवरून उतरले होते, यावरून प्रसंगाचं गांभीर्य कळावं. "वहिनी, एका बसपायी चाळीस बिऱ्हाडं बुडवलीत तुम्ही!"

"तुम्हीच म्हणालात ना, खालून सुरू करा?"

"खालून म्हणजे पार तळापासून नव्हे!"

इंजिनीअर म्हणाले की त्यांनी आधीच सांगितलं होतं. काय सांगितलं होतं ते मात्र सांगेनात. उलट त्यांनी जुन्या डबक्याची खोली धरून हिशोब मांडला होता, आणि त्याप्रमाणे ते स्वतः चार फूट पाण्याखाली होते. "तिसरा मजला वाचतो," ते कडवटपणे म्हणाले, "काकूंना काय!" काकूंनी उजवा डोळा पुसला. नवरा म्हणाला, "अगं, आपण माफी मागून टाकू." ते ऐकून बाईंच्या डोळ्यांपुढे खरोखरच निळं दिसलं.

"कशाची माफी?" बाई म्हणाल्या. आवाज मागच्या बाकापर्यंत पोचेल असा होता. "चूक त्यांच्या नकाशात. चालते मी. चपला माझ्या तुटल्या. लाल खुणा माझ्या नावावर. आणि घर तुम्हा सगळ्यांचं जाणार असेल तर तुम्ही त्यांच्यावर ओरडा ना! माझ्यावर का? मी हाताशी आहे म्हणून?"

सेक्रेटरींनी स्कूटरची किल्ली काढली आणि सभा उठली. पण दुसऱ्या दिवसापासून जिन्यात बाई दिसल्या की दारं लागू लागली. काकूंनी विरजणालासुद्धा दुसऱ्या घरून दही नेलं. बाई बाहेरून ताठ होत्या, रात्री मात्र नवऱ्याला म्हणाल्या, "खरंच पाडलं तर रे?" तो उठला, घराच्या मूळ परवानगीचे कागद ठेवलेली पत्र्याची पेटी खाली काढली आणि फुंकर मारून धूळ उडवली. या सगळ्या प्रकरणात त्याने केलेलं हे पहिलं कामाचं काम.

बाईंनी खुलासा लिहून दिला, त्यावरून पाहणी ठरली आणि कंपनीलाही बोलावणं गेलं. पाहणीचा दिवस उजाडला. अर्धी रजा गेलीच. अकरा वाजता जलाशय विभागाचा कारकून खोली मोजायची लांब काठी घेऊन आला. ती विभागाची पद्धत होती. त्याचे साहेब आले. कंपनीचा जाकीटवाला मात्र येईना. बघतात तर चौकात एक जांभळी बस रिकामीच उभी, आत जाकीटवाला. गाडीतलं मार्ग सांगणारं यंत्र पुढे जाऊ देत नव्हतं. बाई तरातरा चालत चौकात गेल्या. मागून सगळी कॉलनी.

"पुढे पाणी आहे. गाडी वळवा," यंत्र म्हणत होतं. "पुढे पाणी आहे. गाडी वळवा."

"आत घ्या गाडी," काचेच्या पेटीचं दार उघडायला लावून बाई ड्रायव्हरला म्हणाल्या.

"बाई, ते बोलतंय ना."

"बोलू दे. मी चोवीस वर्षं वर्गात बोलतेय, कोण ऐकतं? आधी यांना उतरवा." जाकीटवाला उतरला. "साहेब, तुम्हीही या. सगळे इथे पुढे, ते पाणी म्हणतंय तिथेच, एका ओळीत. काठी खाली ठेवा. आता पायाखाली बघा. काय आहे?"

सगळे एकमेकांच्या बुटांकडे बघू लागले.

"मी काय विचारलं?"

"रस्ता," जलाशयाचे साहेब म्हणाले.

"ओला की कोरडा?"

"कोरडा."

"तुम्ही सांगा. जाकीट! पूर्ण वाक्यात."

"रस्ता... कोरडा आहे, मॅडम."

"लिहा. आणि सही करा. दोघांनीही. घरांची परवानगी ही इथे आहे, तीही बघा, पाठपोट बघा. चाळीस वर्षांपूर्वी तुमच्याच खात्याने शिक्का मारलाय. एवढं मोठं कार्यालय, एवढी यंत्रं, आणि एक माणूस खिडकीतून बाहेर बघायला नाही? तुमच्या चुकीची पायपीट आम्ही करायची, तुमच्या चुकीचा दाखला आम्ही आणायचा, आणि वर घर पाडायची नोटीसही आम्हीच वाचायची?"

दोघांनीही सह्या केल्या. कारकुनाने कोणी न सांगता तिसरी सही केली. मग सगळे बसमध्ये चढले, ड्रायव्हरने यंत्राकडे दुर्लक्ष करून गाडी सरळ घातली, आणि 'आपण पाण्यात आहात, कृपया शांत राहा' या सूचनेत ती कॉलनीच्या फाटकापर्यंत आली. इंजिनीअर स्वतःच्या घरासमोरून जाताना खिडकीला नाक लावून बसले होते. उतरल्यावर सेक्रेटरी म्हणाले, "मी म्हणतच होतो, बाईंवर सोपवा." बाईंनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ते स्कूटर तिथेच सोडून चालत गेले.

आठवड्याने नोटीस रद्द झाली. पुढच्या सोमवारी सात वाजून पाच मिनिटांनी अकरा नंबर सरळ आली आणि थांबली. बाईंकडे आता स्वतःचं कार्ड होतं. दुसरी रांग, खिडकी. कॉलनीतली माणसं बाईंना वाट देऊन चढली. बाई बसल्या, पेपरांचा गठ्ठा मांडीवर घेतला, आणि सगळ्यात आधी मास्तरांना कळवावं म्हणून मदत क्रमांक लावला.

आवाज दुसराच होता. मुलीचा, कोवळा.

"मास्तर आहेत का? म्हणजे आधी अकरा नंबरवर कंडक्टर होते ते?"

"ते आता इथे नाहीत मॅडम."

"का?"

"मॅडम, ते यादीत..." मुलगी घुटमळली. मग तीही हळू आवाजात बोलली. "एका कॉलला चार मिनिटं असतात. त्यांनी एकदा एकोणीस मिनिटं घेतली. दुसऱ्याच आठवड्यात काढलं त्यांना."

बाईंनी फोन बंद केला. बस शाळेच्या थांब्याला आली. दारात मुख्याध्यापिका दिसत होत्या, घड्याळासकट. आज बाई चार मिनिटं आधी होत्या. दार उघडलं, माणसं उतरली, दार बंद झालं. बाई जागच्या हलल्या नाहीत. त्या शेवटच्या थांब्याला उतरल्या, कंपनीच्या कचेरीत चौथ्या मजल्यावर गेल्या आणि टोकन घेतलं.

"तक्रारीचा विषय काय लिहू?" समोरच्या मुलीने विचारलं.

"लिहा. तुमच्या कंपनीतल्या एका माणसाने मला प्रश्नाचं उत्तर दिलं, म्हणून त्याला काढलंत. तो परत पाहिजे."

"असा विषय सिस्टीममध्ये नाही मॅडम."

"मग करा. मी बसते."

बाईंनी काचेच्या टेबलावर गठ्ठा सोडला आणि पेपर तपासायला सुरुवात केली. जाकीटवाला दहा वाजता आला, बाईंना बघून परत गेला. बाराला आला, पाणी हवं का विचारून गेला. एकला बाईंची सहावी अ संपली. शाळेतून दोनदा फोन आला. बाईंनी कामात असल्याचं सांगितलं, आणि ते खरंच होतं. सव्वातीनला जाकीटवाल्याने वर कुणाला तरी विचारलं, खाली कुणाला तरी विचारलं, आणि शेवटी स्वतःच्याच फोनवरून मास्तरांच्या घरी फोन लावून तो बाईंच्या हातात दिला. "मॅडम, आम्ही त्यांना त्याच खुर्चीवर परत घेतो. आपणच सांगा."

बाईंनी सांगितलं. मास्तरांनी ऐकून घेतलं.

"बाई, उपकार आहेत तुमचे. पण त्या खुर्चीत नाही बसायचं मला. आठ तास माणसांना हवामान सांगायचं, हे होत नाही माझ्याच्याने. गाडीत उभं करा. परवा त्या दाराच्या यंत्राने एका म्हातारीला उतरवली म्हणे, कार्ड टेकवता येईना म्हणून. मी असतो तर तिला बसवलं असतं की नाही?"

"असतं," बाई म्हणाल्या. त्यांनी फोन जाकीटवाल्याला परत दिला. "ऐकलंत? गाडीत."

"मॅडम, गाडीत ती पोस्टच नाही आता. काढून टाकलीये. ते शक्यच नाही."

बाईंनी लाल पेनाचं टोपण काढलं, गठ्ठ्याची दुसरी दोरी सोडली आणि पहिला पेपर समोर ओढला.

"ही सहावी ब," त्या म्हणाल्या. "उद्या सातवीचे घेऊन येते."